ब्रॅकनफर्डचे चाळीस पुढारी आणि तिसऱ्या रांगेतली खुर्ची

ज्या शहराला स्वतःच्या रस्त्यांतले खड्डे बुजवता येत नाहीत, त्या शहराला परराष्ट्रांशी मैत्री केल्यावाचून गत्यंतर नसतं. आमचं ब्रॅकनफर्डही याला अपवाद नाही. कॉव्हेंट्रीहून बसने अर्ध्या तासावर (बस आली तर) असलेल्या या गावाच्या वेशीवर एक पाटी आहे आणि तिच्यावर आमच्या चार जुळ्या शहरांची नावं आहेत. एक फ्रान्समधलं, एक जर्मनीतलं, एक पोलंडमधलं. चौथ्या नावावर ट्रक आदळल्यापासून ते वाचता येत नाही, पण मैत्री चालूच आहे. ही शहरं जुळी आहेत म्हणजे वेगवेगळ्या शतकांत, वेगवेगळ्या देशांत जन्मलेली आहेत. प्रेम असलं की असल्या तपशिलांत कोणी शिरत नाही.

ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडल्यापासून तर हे सहकार्य अधिकच घट्ट झालं. पूर्वी कोणीही उठून कुठेही जाऊ शकत होतं, त्यामुळे कोणी जात नसे. आता पासपोर्टवर शिक्का बसतो म्हटल्यावर शिष्टमंडळांना हुरूप आला. फ्रेंच मंडळी येऊन आमचा राउंडअबाउट पाहून गेली, आमची मंडळी जाऊन त्यांचा पाहून आली. दोन्हीकडे गाड्या गोलच फिरत होत्या, फक्त उलट्या दिशेने. यावर जो अहवाल झाला तो दोन्ही भाषांत उपलब्ध आहे आणि दोन्ही भाषांत कोणी वाचलेला नाही.

अशा भक्कम पायावर पाचही शहरांनी मिळून एक शोध लावला: युरोपात पुढाऱ्यांची टंचाई आहे. यासाठी रीतसर सर्वेक्षण झालं. शंभर तरुणांना 'तुला पुढारी व्हायचंय का?' असं विचारलं. ब्याण्णव जण 'नाही' म्हणाले. उरलेल्या आठांच्या कानात इअरफोन होते आणि ते मान हलवत होते. त्यांची नोंद होकारार्थी धरून 'उद्याचे नेते, सीमेपलीकडे' हा कार्यक्रम मंजूर करण्यात आला. जागा ब्रॅकनफर्डचा कम्युनिटी हॉल. वार शनिवार.

इथे आमचा संबंध येतो. त्या हॉलवर आमचा कसलाच हक्क नाही, फक्त शनिवार आमचा. एकोणीस वर्षं दर शनिवारी संध्याकाळी तिथे आमच्या मराठी मंडळाचं कीर्तन होत आलेलं आहे. कीर्तनाला उभ्या राहतात लीलावतीबाई. लेस्टरच्या एका हॉस्पिटलात त्यांनी सारी हयात रक्त तपासण्यात घालवली. रिटायर झाल्यावर म्हणाल्या, आता जरा आतलं तपासू. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दोन्ही नवे, आवाज जुनाच. त्यांनी चिपळी वाजवून पहिलं नमन उचललं, की बाहेरचा पाऊस, मॉर्गेज आणि व्हिसा ह्या तिन्ही गोष्टी दाराबाहेर चपलांच्या शेजारी बसून राहतात. मी तिसऱ्या रांगेत, रेडिएटरजवळच्या खुर्चीत बसतो. माझी नात मायरा लहानपणी माझ्या मांडीवर पूर्वरंगात झोपायची आणि उत्तररंगात, गोष्ट सुरू झाली की, न उठवता उठायची.

हॉल नेतृत्वाला द्यायचा तर आमचं काय, हे ठरवायला कौन्सिलच्या जुळी-शहरे विभागाच्या गिलियनबाई स्वतः कीर्तनाला आल्या. बाई स्वभावाने फार चांगल्या. त्यांनी बूट काढले, कपाळाला बुक्का लावून घेतला आणि त्याच बुक्क्यानिशी पुढे सुपरमार्केटात गेल्या. शेवटपर्यंत बसल्याही. मग त्यांनी आमच्या सेक्रेटरीला, कमलाकरला, विचारलं की पुढे उभ्या राहणाऱ्या बाईंचं काम कळलं, पण बाकीच्या बेचाळीस जणांची भूमिका काय?

"ऐकणं," कमलाकर म्हणाला.

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर जेवण."

गिलियनबाईंनी सहभाग या सदरात शून्य लिहिलं. त्यांचं म्हणणं तर्काला धरूनच होतं. त्रेचाळीस माणसांमागे एक पुढारी हे प्रमाण युरोपात कुठेच खपवून घेतलं जात नाही. मात्र आमच्या भावना दुखावू नयेत म्हणून त्यांनी शनिवारी आम्हाला हॉलचं किचन दिलं. वसंतभर आमचं काम पाहू म्हणाल्या, आणि त्यात नेतृत्वाची काहीच चिन्हं दिसली नाहीत, तर किचनही जाणार.

किचनमधल्या कीर्तनाचे फायदे लोकांना माहीत नाहीत म्हणून सांगतो. पेटी डिशवॉशरवर नेमकी बसते. नारदाची गादी फ्रिज आणि सिंक यांच्यामध्ये अंथरता येते. श्रोते उंचीप्रमाणे लावावे लागतात, त्यामुळे एकोणीस वर्षांत प्रथमच बुटक्या लोकांना न्याय मिळाला. मागचे सहा जण कोठीच्या खोलीत उभे राहत. त्यांना फक्त तबला ऐकू येई, पण त्यांची श्रद्धा त्यातच वाढली. शिवाय प्रसादाचा स्वयंपाक आणि निरूपण एकाच जागी झाल्याने देव आणि भूक यांच्यातलं अंतर, ज्यावर लीलावतीबाई एरवी तासभर बोलत, दोन फुटांवर आलं.

पलीकडे हॉलमध्ये दर शनिवारी नेते घडत होते. पाच शहरांतून प्रत्येकी आठ, एकूण चाळीस. त्यांत आमची मायराही. (निवडीचा निकष गुप्त आहे. पण सर्वेक्षणाच्या दिवशी तिच्या कानात इअरफोन होते, एवढं मला माहीत आहे.) तिला लोकांच्या डोळ्यांत पाहण्याच्या सात पद्धती शिकवल्या गेल्या आणि आम्ही घरी कोणी तिच्याकडे पाहायला धजावेनासे झालो. एका रविवारी चहा पिताना ती मला फार प्रेमाने म्हणाली, "आजोबा, तुम्ही तिथे फक्त बसता. इट्स नॉट लीडरशिप. तो फर्निचर आहे."

माझा मुलगा उदय तिला रागावला. मला मात्र ते पटलं. चांगलं फर्निचर व्हायलाही एकोणीस वर्षं लागतात.

समारोपाच्या शनिवारी अंतिम कसोटी ठेवली होती. हॉलच्या मधोमध निळा गालिचा अंथरून त्याला नदी घोषित करण्यात आलं. चाळीसही जणांनी पाण्याला पाय न लावता, चार फळ्यांच्या आधाराने, पैलतीरी जायचं. मोजमाप करायला जर्मनीहून परीक्षक बाई आल्या होत्या. सकाळी काम सुरू झालं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत नदीच्या अलीकडे चाळीस नेते आणि अकरा योजना होत्या. दुपारच्या चहापर्यंत योजना एकोणीस झाल्या आणि त्यांच्यात समन्वय साधायला एक समन्वयक नेमायचं ठरलं. संध्याकाळपर्यंत त्या पदासाठी चाळीस उमेदवार उभे राहिले. पैलतीरावर एक फोल्डिंग खुर्ची होती, तीवर कोणीही बसलेलं नव्हतं.

त्याच वेळी किचनमध्ये उत्तररंग भरात आला होता. देव भक्ताच्या दारात येऊन उभा आहे आणि भक्ताला वाटतंय की कोणी शेजारी आलाय, अशा जागी आख्यान पोचलं होतं. नीनावहिनी डोळे पुसत होत्या आणि मसालेभाताची फोडणी टाकत होत्या. ही दोन्ही कामं एकदम करू नयेत. त्यांनी गॅस मोठा ठेवला, मोहरी तडतडली, हिंग पडला, मिरच्या पडल्या आणि इमारतीचा फायर अलार्म बोंबलू लागला. या देशातल्या प्रत्येक मराठी घरात अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं आहे. खुर्चीवर चढून अलार्मखाली टी-टॉवेल हलवायचा. कमलाकर चढला. पण सरकारी अलार्म टॉवेलला दाद देत नाही.

हॉलमध्ये नेतृत्वाची खरी वेळ आली. चाळीस जणांनी एकाच क्षणी पुढाकार घेतला. प्रत्येकाने शांत राहण्याचं मोठ्याने आवाहन केलं. कोणी पुढचं दार दाखवलं, कोणी मागचं, एकाने खिडकी, आणि एका गटाने आधी परिस्थितीचं आकलन करायला वर्तुळात बसावं असं सुचवलं. जागचं कोणीच हललं नाही, कारण हलणं म्हणजे दुसऱ्याच्या मागे जाणं, आणि ते अभ्यासक्रमात नव्हतं.

आमच्या किचनला बाहेरचं दार नाही. बाहेर पडायचं तर हॉलमधूनच. पण आख्यान अर्धवट टाकून उठायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज, आणि लीलावतीबाईंनी तो मोडला नाही. त्यांनी अलार्मचा सूर धरला. पेटीवाल्या प्रणवने नंतर सांगितलं की तो काळी चार होता, जरा चढा. त्याच सुरात त्यांनी 'जय जय रामकृष्ण हरी' उचललं, चिपळी वाजवली आणि चालायला लागल्या. त्यांच्यामागे पेटी उराशी धरून प्रणव, मग तबला, मग आम्ही सगळे दोन-दोनच्या रांगेत टाळ्या वाजवत. किचनचं दार उघडलं, आम्ही हॉलमध्ये शिरलो आणि सरळ नदीत उतरलो. ती नदी आहे हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. पलीकडे जाऊन कार पार्कात निघालो.

मधल्यामध्ये माझ्या कोटाचं टोक कोणीतरी धरलं. वळून पाहिलं तर मायरा. लहानपणी प्रसादाच्या रांगेत धरायची तसंच. तिच्यामागे पोलंडचे आठ, त्यांच्यामागे फ्रान्सचे, मग वर्तुळात बसलेले. ताल असा पायात शिरला की माणूस दिशेबद्दल वाद घालत नाही. बाहेर पोचेपर्यंत चाळीसही टाळ्या वाजवत होते, आणि एकदोघांची समेवर पडतही होती. देव दारात उभाच असल्यामुळे बाईंनी उरलेलं आख्यान कार पार्कात पुरं केलं. फायर ब्रिगेड आली. आरतीपर्यंत त्यांनी हेल्मेटं काढून हातात धरली, आत जाऊन गॅस बंद केला आणि मसालेभात घेऊन गेले. खालून लागला होता, पण कोणी बोललं नाही.

परीक्षक बाईंनी निष्कर्ष काढला की संपूर्ण कार्यक्रमात यशस्वी स्थलांतर एकदाच झालं आणि ते प्रशिक्षण न मिळालेल्या लोकांनी केलं. यावरून पाच शहरांना नवा साक्षात्कार झाला. टंचाई पुढाऱ्यांची नाहीच, मागे जाणाऱ्यांची आहे. अख्ख्या टापूत अस्सल अनुयायांचा साठा ब्रॅकनफर्डच्या किचनमध्ये तेवढा शिल्लक होता. बेचाळीस नग.

हॉल आम्हाला सन्मानाने परत मिळाला. गिलियनबाई स्वतः किल्ली घेऊन आल्या, या वेळी बुक्का घरूनच लावून. फक्त आता त्या जागेचं नाव 'पंचनगर अनुगमन केंद्र' असं झालं होतं आणि आम्ही सगळे तिथले तज्ज्ञ. अभ्यासक्रम आखला. पहिली पायरी बसणे. दुसरी मान डोलावणे (मानेतूनच; खांद्यातून डोलावल्यास शंका व्यक्त होते). तिसरी योग्य जागी डोळे पाणावणे. कमलाकर मान-विभागाचा प्रमुख झाला, नीनावहिनींकडे अश्रू आले, तबलजीला पायाचा ताल मिळाला. माझ्या एकोणीस वर्षांच्या सेवेचा विचार करून मला श्रवण-प्रमुख करण्यात आलं. गळ्यात ओळखपत्र. मी ते रात्रीही काढत नसे.

पुढच्या शनिवारी लीलावतीबाई गादीवर उभ्या राहिल्या. तज्ज्ञ म्हणून आम्ही बेचाळीसही जण स्टेजवर, त्यांच्यामागे, खुर्च्या मांडून. समोर सगळा हॉल रिकामा. बाईंनी चिपळी उचलली, समोर पाहिलं आणि खाली ठेवली.

"अहो," त्या माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "ऐकायला कोण आहे?"

"बाई, मी आता श्रवण-प्रमुख आहे," मी म्हटलं. "ऐकायला वेळ कुठे मिळतो?"

रक्ताचा रिपोर्ट वाचताना त्या ज्या नजरेने पाहत असतील, त्याच नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं फक्त. मी ओळखपत्र सरळ केलं.

तेवढ्यात मायरा मागच्या दाराने आत आली. जर्मन पाहुण्यांना हॉल दाखवायचं काम तिच्याकडे होतं. तिने स्टेजवरची गर्दी पाहिली, रिकाम्या रांगा पाहिल्या, पाहुण्यांना सॉरी म्हणाली आणि तिसऱ्या रांगेत, रेडिएटरजवळ, माझ्या खुर्चीत जाऊन बसली. गिलियनबाईंनी तिला विचारलं की यामागे तिची काय योजना आहे.

"काही नाही," मायरा म्हणाली. "मला फक्त गोष्ट ऐकायचा आहे."

त्या दिवशी लीलावतीबाईंनी एका माणसासाठी सगळं कीर्तन केलं. नमनापासून आरतीपर्यंत, एक ओळ न गाळता. असं कीर्तन एकोणीस वर्षांत झालं नव्हतं असं लोक म्हणतात. मी स्टेजवर असल्याने मला त्यांची पाठ दिसली.

अर्थात असला गुण दुर्लक्षित राहत नाही. मायराला तिथल्या तिथे 'आदर्श श्रोता' घोषित करण्यात आलं, आणि गप्प कसं बसावं यावर भाषणं द्यायला तिला जुळ्या शहरांच्या दौऱ्यावर पाठवण्यात आलं. शिष्टमंडळाची ती पुढारी आहे. परवा फोन आला होता. चौथं शहर सापडलं म्हणाली. तिथल्या वेशीवरही पाटी आहे आणि तिच्यावरचं आमचं नाव वाचता येत नाही. ट्रकच.

तर सांगायचं ते एवढंच, की तिसऱ्या रांगेतली खुर्ची पुन्हा रिकामी आहे. बाईंनी निरोप दिलाय: समोर एक तरी माणूस बसलेला असेल तर चिपळी उचलीन, नाहीतर नाही. आमच्यातलं कोणी खाली उतरू शकत नाही, आम्हाला पदं आहेत. म्हणून तुम्हाला विचारतो. इथवर तुम्ही मध्ये न बोलता, न उठता माझं सगळं ऐकून घेतलंत. हा गुण आता दुर्मीळ आहे. येत्या शनिवारी संध्याकाळी या. काही करायचं नाही, बसायचं. रेडिएटर चालू असतो. नंतर जेवण.

पण एक अट आहे. वाचता वाचता तुमच्या मनात कुठेतरी आलं असेलच, की हे जरा थोडक्यात सांगता आलं असतं, की अलार्मचा प्रसंग आधी घ्यायला हवा होता, की मंडळाचा कारभार तुमच्याकडे असता तर ही वेळच आली नसती.

आलं ना? मग अभिनंदन. वर या, स्टेजवर तुमच्यासाठी त्रेचाळिसावी खुर्ची मांडून ठेवली आहे.