बोऱ्हाडे काका पेपर मोजतात

लिफ्टमध्ये भेटले की बोऱ्हाडे काका नमस्कार करत नाहीत. "साहेब, या महिन्यात किती?" असं विचारतात. पिंपरीच्या आमच्या हॉस्पिटलात नवीन आलेल्या हाडांच्या डॉक्टरांनी खुशीत सांगितलं, "बावीस ऑपरेशनं!"

"ते रोजचं झालं. छापून काय आलं?"

काका मोशीचे. चाकणच्या एका कंपनीत त्यांनी आयुष्यभर उत्पादनाचे आकडे ठेवले आणि रिटायर झाल्यावर आमच्या संशोधन कक्षात कंत्राटावर लागले. डॉक्टर, नर्स, फिजिओ, कुणी किती संशोधनाचे पेपर छापले ते मोजायचं, एवढंच काम. मी ग्रंथपाल. त्यांचं टेबल माझ्याच लायब्ररीत.

एका पेपरवर अकरा नावं असली, की काका प्रत्येकाला अकरावा हिस्सा देत. चौदा पेपरांवर नाव असलेल्या आमच्या विभागप्रमुखांच्या वाट्याला जेमतेम सव्वा पेपर आला. ते तणतणत लायब्ररीत आले.

काका शांतपणे म्हणाले, "साहेब, एक नट अकरा जणांनी आवळला, तर अकरा नट मोजायचे व्हय?"

मी कपाटामागे जाऊन हसून घेतलं.

मग वरून फर्मान आलं. ज्यांचं संशोधन शून्य, त्यांचा आठवड्याचा अभ्यासाचा तास मार्चनंतर बंद. नर्सिंगपुढे शून्यच होतं. काकांनी पेन उचललं आणि परत ठेवलं. "बघून आल्याबिगर लिवणार न्हाई," म्हणत ते वॉर्डात गेले.

आले ते सुमन सिस्टरांना घेऊन. सिस्टर बीडच्या, अबोल. हातात फुगलेली वही. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस किती वेळाने बदलली म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत, याच्या चार वर्षांच्या नोंदी.

"हे कसलं संशोधन, काका? आमचं कामच आहे की हे."

"तुमी गप ऱ्हावा. ताई, हे विंग्रजीत करा." हा हुकूम मला होता.

मग रोज जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिघं बसू लागलो. परवानगीच्या कागदावर त्याच विभागप्रमुखांनी सही केली, तीही स्वतःचं नाव घालायला न सांगता. नियतकालिकाकडून पेपर एकदा परत आला. सिस्टर रडकुंडीला आल्या, पण काका खूश. "काय चुकलं ते लिवून दिलंय न्हवं? मग हा रिजेक्ट न्हाई, रिवर्क हाय."

दुसऱ्या खेपेला स्वीकारला गेला. नर्सिंगचा तासही वाचला. सिस्टरांनी आग्रह करूनही काकांनी स्वतःचं नाव घालू दिलं नाही.

पेपर छापून आला त्या दिवशी ते माझ्यासमोर येऊन घुटमळले.

"ताई, हे मराठीत सोपं करून द्याल? एकच पान."

"कशाला हो?"

ते चष्मा काढून पुसू लागले.

"आमची मंडळी दीड वरीस अंथरुणात होती. गोळ्या द्यायचो, जेवू घालायचो. कूस बदलायची असती, हे मला म्हाईतच न्हवतं. तिनं पन कदी सांगितलं न्हाई. मला तरास नको म्हनून."

मी पान लिहून दिलं, मोठ्या अक्षरांत. आता सुट्टीच्या दिवशी काका ते घेऊन आसपासच्या गावांत फिरतात. जिथे कुणी अंथरुणाला खिळलंय, त्या घरी जातात.

मागच्या रविवारी मीही सोबत गेले, निघोज्याला. एका आजींच्या खाटेपाशी वाकून काका त्यांच्या सुनेला दाखवत होते, "खांद्याखाली असा हात घाल, पोरी. ओढायचं न्हाई. आन् आदी विचारायचं, आई, दुखतंय का?"