तात्यासाहेबांची कवळी

उद्या लग्न, आणि आज सकाळीच नवरीचा काका कडुबा चिकलठाण्याहून निघून मुकुंदवाडीत दातांच्या दवाखान्यात येऊन बसला होता. दात दुखायचा प्रश्नच नव्हता. त्याच्या तोंडात औषधालाही दात उरला नव्हता. त्याच्या हातात एक पिवळं फडकं होतं आणि फडक्यात त्याच्या थोरल्या भावाची, तात्यासाहेबांची, कवळी होती. तात्यासाहेब उन्हाळ्यात वारले होते.

"म्याडम, एवढी माझ्या तोंडात बसवून द्या," कडुबा म्हणाला.

डॉ. संध्यांनी फडकं उलगडलं. कवळीला हळद-कुंकू लावलेलं, वर तांदळाचे दाणे चिकटलेले.

"हे काय, काका?"

"अक्षत दिली. लग्नाचं पयलं आवतन देवाला, मंग गेलेल्या मान्साला. फोटोपुढं ठिवली, पर लई कोरडं वाटलं. म्हनलं, दादाच्या अंगाचं कायतरी पायजे."

यात हसण्यासारखं पुष्कळ होतं, पण कुणी हसलं नाही. लेकीच्या, म्हणजे संस्कृतीच्या, लग्नाच्या फोटोत आपली गालफडं बसलेली दिसू नयेत, म्हणून तात्यासाहेबांनी हौसेनं कवळी करून घेतली होती. सवय व्हावी म्हणून दिवसभर घालून हिंडायचे. लग्न राहिलं आणि तेच गेले. आता लग्न वर्षाच्या आत उरकायचं म्हणून ही तारीख धरली होती आणि कन्यादानाला कडुबा बसणार होता. भाऊ नाही तर निदान भावाचे दात तरी मांडवात हजर असावेत, एवढंच त्याचं मागणं होतं.

"दुसऱ्याची कवळी बसत नसते, काका."

"आमची जबडी एकच हायती. आईनं एकाच साच्यातून काढलंय आमाला."

डॉक्टरीणबाईंनी हात टेकले. पण कवळी तोंडात घालायची तर आधी निर्जंतुक करायला हवी होती. नेहमीच्या कढत वाफेत ती वाकडी झाली असती. त्यासाठी दवाखान्यात नवं प्लाझ्माचं यंत्र होतं. ते आतली हवा ओढून घ्यायचं, औषधाची वाफ सोडायचं, मग त्या वाफेचा जांभळा उजेड करायचं, आणि फार न तापता सगळे जंतू मारायचं. मात्र यंत्र भलतं सोवळं होतं. त्याला पाण्याचा थेंब चालत नसे आणि सुताचा धागाही.

रत्नमाला सिस्टरनं हळद घासून काढली, कवळी पुसली, प्लास्टिकच्या पाकिटात घातली आणि बाकीच्या हत्यारांबरोबर यंत्रात ठेवली. थोड्या वेळानं यंत्र कोकललं आणि लाल दिवा लागला. कवळीत ओल राहिली होती.

सिस्टरनं ती पुन्हा वाळवली. तेवढ्यात फोन वाजला म्हणून ती उठली. कडुबा यंत्राजवळ आला. दादा असा उघडाबोडका त्या पेटीत जाणार, हे काही त्याला बघवेना. त्यानं मनगटाला बांधलेलं हळकुंड सुतासकट सोडलं आणि हळूच हत्यारांमागे सरकवलं.

यंत्र पुन्हा कोकललं.

"अहो काका, सूत औषधाची वाफ पिऊन टाकतं!" सिस्टर ओरडली.

"आता गं बया! दादाच्या वाटचं सूत पेलं म्हना की!"

इकडे खुर्चीत एक गृहस्थ अर्धा जबडा बधिर करून घेऊन हत्यारांची वाट बघत होते. त्यांनी उरलेल्या अर्ध्या तोंडानं जे काही सुनावलं, ते कुणाला कळलं नाही हे एका परीनं बरंच झालं.

तिसऱ्या खेपेला मात्र हिरवा दिवा लागला. सिस्टर पाकीट बाहेर काढते तोच कडुबाचा माग काढत चतुराबाई दारातून आत आल्या. तात्यासाहेबांच्या पत्नी.

"भावजी! कवळी तुमी आनली व्हय? मी सकाळधरनं उंदरांची बिळं उकरून ऱ्हायले!"

"वैनी, रागवू नका. बघा तरी कशी झालीय," कडुबा म्हणाला.

"एकदम स्वच्छ, मावशी. आता एक जीवसुद्धा राहिला नाही त्यात," सिस्टरनं पाकीट त्यांच्या हातात दिलं.

चतुराबाईंनी पाकीट फाडलं आणि कवळी नाकाशी धरली. मग पुन्हा एकदा धरली.

"ह्याचा वास कुठं गेला?"

"कसला वास?"

"ह्यांचा. तंबाखूचा." चतुराबाई खाली बसल्या. "रोज दिवा लावला की मी कवळीची वाटी उघडायचे, वास घ्यायचे अन् झाकून ठिवायचे. धुतलीसुदिक नव्हती मी."

घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. कडुबाचं तोंड एवढंसं झालं.

"मी म्हनलं, दादाला लग्नाला न्यावं."

"ते घरातच व्हते की, भावजी."

अर्ध्या तोंडाचे गृहस्थही खुर्चीतून वळून बघायला लागले. कडुबाला फार वाईट वाटत होतं. त्यानं वहिनींच्या हातून कवळी घेतली, तोंडात घातली, खिशातून पुडी काढली, तंबाखू चांगली मळली आणि 'तंबाखू खाऊ नका' या पाटीखाली बसून मन लावून चघळायला लागला. कवळी सैल होती, खटखट वाजत होती. डॉक्टरीणबाई त्याला थांबवायला पुढे झाल्या आणि मध्येच थांबल्या.

बऱ्याच वेळानं त्यानं कवळी काढली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि वहिनींपुढे धरली.

चतुराबाईंनी डोळे मिटून वास घेतला.

"नाय, भावजी. हा तुमचा वास हाय."

कडुबा पोरासारखा रडायला लागला. भाऊ गेला तेव्हा माणसं सांभाळण्यात त्याचं रडायचं राहूनच गेलं होतं. चतुराबाईंनी त्याला रडू दिलं. मग पदरानं डोळे टिपले आणि कवळी त्याच्या हातावर ठेवली.

"असू द्या. घरातलाच हाय. उद्या मांडवात घाला, अन् परवा न धुता माझ्या वाटीत आनून ठिवा."