सिनेमातून गाळलेली दाढ

वकीलसाहेबांनी हिशेब चोख मांडला होता. नऊ खंड वाचायचे तर तीन महिने जाणार. त्याच कथेचा सिनेमा अडीच तासांत आटोपतो. लाभ मात्र दोन्हीकडे सारखाच, दातांच्या डॉक्टरांचा हलका हात!

खबर भाचीने आणली होती. "मामा, ते डॉक्टर त्या ड्रॅगनच्या कादंबऱ्यांपायी वेडे आहेत. कौतुकाचे चार शब्द बोला, फुलासारखं जपतील."

मामांना कुणीतरी जपण्याची गरजच होती. कोर्टात भल्याभल्यांना घाम फोडणारा हा माणूस साधं रक्त तपासायचं म्हटलं तरी पुढची तारीख मागायचा. पण दाढ अशी ठणकत होती की आता तारीख मिळणं शक्य नव्हतं.

खुर्चीत टेकताच त्यांनी तोंड उघडलं, ते आधी बोलायला. "काय तो शेवट, डॉक्टर! राजपुत्र तलवार उपसतो आणि ड्रॅगन धाडकन कोसळतो. नऊच्या नऊ खंड वाचलेत मी."

मास्कच्या वरचे डोळे बारीक झाले.

"तलवार सिनेमात आहे," डॉक्टर म्हणाले. "पुस्तकात ड्रॅगन मरतच नाही. त्याची दाढ दुखत असते, म्हणून तो गावं जाळत सुटतो. एक बुटका येऊन ती दाढ उपटतो आणि युद्ध संपतं. पुस्तकांतलं सगळ्यात थोर प्रकरण. तेच गाळलं त्या सिनेमावाल्यांनी."

"बरं केलं," हातात ट्रे घेतलेल्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या. दवाखान्यात मदतनीस त्याच होत्या. "दाढ उपटताना बघायला तिकीट कोण काढेल? वकीलसाहेब, आ करा. दुखलं तर डावा हात वर करा."

वकीलसाहेबांचा आ झाला. दोन्ही गालांत कापूस बसला. आयुष्यभर तोंडावर पोट भरलेल्या माणसाचं तोंडच जप्त झालं.

"तुम्हीच न्याय करा," सुई रोखत डॉक्टर म्हणाले. "ते प्रकरण गाळलं, हे योग्य झालं?"

सुई टोचली. डावा हात ताडकन वर गेला.

"बघा," बाई म्हणाल्या. "योग्य म्हणतायत."

"योग्य?" डॉक्टरांनी चिमटा उचलला.

हात झटकन खाली आला.

"मागे घेतलं बघ. माणूस समजूतदार आहे."

"अहो, तुमच्या हातातला चिमटा बघून मागे घेतलं त्यांनी."

त्यानंतर वकीलसाहेबांनी डावा हात मांडीखाली दाबून धरला. जबडा बधिर झालाय की नाही, कोण जाणे. सांगायचं तर हात वर करावा लागणार, आणि हात वर केला की मत सिनेमाला! कपाळावरचा घाम कानात उतरू लागला.

डॉक्टर आता रंगात आले होते. "बुटका जबड्यात उतरतो. भूल नाही, काही नाही. दाढ आधी डावीकडे हलवतो..." चिमटा डावीकडे गेला. "मग उजवीकडे." चिमटा उजवीकडे. वकीलसाहेबांनी मनातल्या मनात मृत्युपत्र केलं, त्यात भाचीचं नाव खोडलं. "आणि मग सगळा जोर लावून..."

ट्रेमध्ये टण्णकन आवाज झाला. वकीलसाहेबांनी डोळे उघडले. दुखलं नव्हतं.

"आता सांगा, त्या दाढेचं पुढे बुटका काय करतो? नवव्या खंडात आहे."

"अहो, अर्धा तास बोलायचं नाहीये त्यांनी," बाईंनी कापूस दाबला. मौनाची एवढी गोडी वकीलसाहेबांना जन्मात लागली नव्हती.

"हरकत नाही. शेजारची दाढही किडलीय. बुधवारी या," डॉक्टर हात धूत म्हणाले. "भूल द्यायच्या आधी विचारतो."

त्या रात्री अशिलांची कागदपत्रं बाजूला पडली आणि पहिला खंड उघडला. दाढेने दंडातला आपला वाटा भरला होता, डोळे आता उरलेला दंड हप्त्याहप्त्याने भरत होते. ज्या जिभेने हे सगळं ओढवून घेतलं, ती तेवढी निर्दोष सुटली होती.