पांढरीपांडेकाकांनी पास केलेला कॅमेरा

आमच्या शेजारचे पांढरीपांडेकाका कॅमेरा कसा पारखत, ते बघण्यासारखं होतं. दुकानदाराने खिशात मावणारा छोटासा कॅमेरा हातात दिला की ते तो डोळ्यांसमोर धरत आणि बटण दाबताना हात असा गदागदा हलवत की शेजारचं गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरके. मग मागच्या पडद्यावर फोटो बघत. फोटो स्वच्छ आला की काकांचा चेहरा उतरे. "रिजेक्ट!"

"अंकल, इतना हाथ हिलाया फिर भी फोटो क्लियर है। यही तो इसकी खूबी है," दुकानदार काकुळतीला येई.

"हेच तर नको आहे बाप्पा," काका मला हळूच म्हणत आणि दुकानाची पायरी उतरू लागत.

काका मूळचे नागपूरचे. नोकरीची सगळी वर्षं इथे भोपाळला, गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात तयार माल तपासण्यात गेली. तिथे 'पास' आणि 'रिजेक्ट' हे दोनच शब्द लागायचे, निवृत्तीनंतरही त्यांना तिसरा लागला नाही. भोपाळने त्यांचं आडनाव कापून 'पांडेजी' केलं, तेही त्यांनी पास केलं. बाकी जगात पास होण्यासारखं त्यांना फारसं काही दिसत नसे, कारण काका प्रत्येक गोष्टीला भीत. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट आली की आधी ती रिकामी खाली पाठवायची, परत बोलवायची आणि मगच आत पाय ठेवायचा. याला ते 'ट्रायल' म्हणत. गॅस बंद आहे का हे बघायला फाटकापासून दोनदा परत येत. माझ्या स्कूटरवर मागे बसले की माझा शर्ट मुठीत घट्ट धरून ठेवत. माझे दोन शर्ट त्यापायी उसवले.

तरीही मी त्यांना दर शनिवारी कॅमेऱ्याच्या शोधात फिरवत होतो, कारण गोष्ट सुमनकाकूंची होती. काकूंच्या हृदयाची झडप खराब झाली होती. ऑपरेशन नागपूरला, त्यांच्या बहिणीच्या गावी, करायचं ठरलं होतं. त्याआधी काकूंनी नवऱ्याकडे एकच हट्ट धरला. "माझा एक चांगला फोटो काढा. लग्नातल्या फोटोत माझे डोळे मिटलेत, अन् त्यानंतर तुम्ही माझा एकही काढला नाही."

काका म्हणाले, "फोनवरचा फोटो काही खरा नसतो. मी नीट कॅमेरा आणतो." आणि मग दुकानामागून दुकान रिजेक्ट होत गेलं. ऑपरेशनची तारीख जवळ येत होती. मला त्यांचा राग येऊ लागला होता. शेवटी मीच दिवाळीच्या फराळाला गेलो असताना काकूंचा माझ्या फोनवर फोटो काढला. हिरवी साडी, हातात चकलीची ताटली, ओठांवर हसू, केसाची बट न् बट स्पष्ट. मोठ्या तोऱ्यात मी तो काकांना पाठवला. काकांनी तो लगेच पुसून टाकला आणि तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. विक्षिप्त माणूस, म्हणून मी सोडून दिलं.

चौथ्या दिवशी तेच स्कूटरपाशी येऊन उभे राहिले. बिट्टन मार्केटमध्ये एका जुन्या दुकानात हल्ली कॉलेजच्या मुली हौसेने मागतात तसले वापरलेले डिजिटल कॅमेरे होते. काकांनी एक उचलला, हात हलवला. पडद्यावर दुकानदाराच्या जागी नुसता राखाडी ढग.

"ये मत लो अंकल," दुकानदार ओशाळून म्हणाला. "इसमें फोटो हिल जाता है। खराब पीस है।"

"पास!" काका इतक्या मोठ्याने म्हणाले की मी दचकलो.

नागपूरला निघायच्या आदल्या संध्याकाळी काकांनी मला बोलावलं. "कार्ड भरलं का पाहून दे." मी फोटो बघत गेलो. काकू पोळ्या लाटताना, काकू तुळशीला पाणी घालताना, काकू पेपर वाचताना. सगळे फोटो हललेले. एकातही काकूंचं नाक जागेवर नव्हतं.

"काका, एकही धड नाही! थांबा, मी फोनवर काढतो."

त्यांनी माझं मनगट धरलं. ते मला भिंतीपाशी घेऊन गेले. तिथे चंदनाचे हार घातलेले तीन फोटो मी वर्षानुवर्षं बघत आलो होतो. तिन्ही सुरेख.

"आई, दादा, वहिनी," काका म्हणाले. "तिन्ही मी काढले, रिळाच्या कॅमेऱ्याने. हौसेने काढून घेतले तिघांनी. अन् दर वेळी वर्षाच्या आत लोक मला सांगून राहिले होते, बरं झालं, घरात चांगला फोटो होता." ते थांबले. स्वयंपाकघराकडे बघून आणखी हळू आवाजात म्हणाले, "हललेला फोटो भिंतीवर कोणी लावत नाही, शिरीष."

अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण फोन मी खिशात ठेवून दिला.

काकू मला दारापर्यंत सोडायला आल्या. "भिंतीचं सांगितलं का यांनी?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "हा कॅमेरा आणला तेव्हाच मला कळलं रे. त्यांचे हात आता भीतीने इतके आखडतात की कधीकधी फोटो चांगलाच यायला बघतो. म्हणून बटण दाबताना मीच जराशी हलते."

सकाळी टॅक्सी आली. काकांनी लिफ्टची ट्रायल घेतली, मग काकूंना आत घेतलं. खाली टॅक्सीत बसल्यावर काकू म्हणाल्या, "आता एक काढा." काकांनी कॅमेरा उचलला. काकूंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि नेमक्या क्षणी मान कलती केली.

"पास," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

टॅक्सी वळणाआड गेली. मी तिथेच उभं राहून फोन काढला आणि दिवाळीतला तो हिरव्या साडीतला फोटो शोधून पुसून टाकला. मग आणखी कुठे त्याची प्रत उरली नाही ना, हे दोनदा तपासलं.