हालिनाबायचा कोट

बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन, आणि आमचे युसुफचाचा दुकानात बसून लोकरी कोटाला अस्तर लावतायत. इथे बहरीनमध्ये, बाब अल बहरीन या जुन्या वेशीच्या मागच्या गल्लीत त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. माझे चार ब्लाउज तिथे महिनाभर पडून होते. विचारलं की म्हणायचे, "बाय, तुला काय थंडी वाजते? आमच्याकडे हिवाळा तोंडावर आलाय."

"आमच्याकडे" म्हणजे शिकागो. चाचा रत्नागिरीचे, शिकागो त्यांनी फोनवरच पाहिलेलं. मुलगी शबाना तिथे पोलंडहून आलेल्या लोकांच्या मोहल्ल्यात राहते. बेकरी त्यांची, चर्च त्यांचं, दुकानांच्या पाट्याही त्यांच्याच भाषेत. शबाना फोन धरून चालू लागली की चाचा इथून तिला वळणं सांगत. डुकराच्या मांसाचं दुकान आलं की हुकूम सुटे, "यल्ला, पलीकडनं चल." जसा काही फोनमधून वास येणार होता.

कोट तिथल्या म्हाताऱ्या बायकांसाठी होते. शबाना टेप लावायची, चाचा मापं लिहून घ्यायचे. तिच्या खालच्या मजल्यावरच्या सत्तरीच्या हालिनाचा कोट तर त्यांनी चारदा उसवला. तिला यांची भाषा येत नव्हती, यांना तिची. तरी दोघं बाहीवरून तासभर भांडत.

शेवटी मी वैतागले. "चाचा, फुकटचे कोट कशाला? तिथे दुकानं नाहीत का?"

"शबानाचं पहिलं बाळंतपण हाय, बाय. तिची आई आज नाय. जावई ट्रकवर, चार-चार दिवस बाहेर. माजा व्हिसा दोनदा मफी, नाय म्हनाले. पोरीपाशी बसायला ह्या बायकाच ना? रिकाम्या हातानं कसं सांगू त्यांना?"

मला माझीच लाज वाटली. ब्लाउजचं नाव पुन्हा काढलं नाही.

जानेवारीत एका संध्याकाळी चाचांनी मला दुकानात बोलावून घेतलं. फोनवर दवाखान्याची खोली, पलंगावर शबाना, आणि कोट घातलेल्या हालिनाच्या कुशीत नात. जावई बर्फात वाटेतच अडकलेला. मग रिवाजाप्रमाणे बाळाच्या कानात पहिली अजान कोण देणार? शबाना म्हणाली, "अब्बा, तुम्हीच द्या."

हालिनाने फोन बाळाच्या कानाशी धरला. चाचांनी टोपी सारखी केली, डोळे मिटले आणि हलक्या आवाजात अजान दिली. मध्येच आवाज फुटला. मलाही रडू आवरेना.

अजान संपली तरी फोन तिथेच होता. ती कधी संपते ते हालिनाला ठाऊक नव्हतं. शबाना थकून झोपली होती. चाचांनीही काही सांगितलं नाही. नातीचा श्वास ऐकत बसले.