दोन मिनिटांच्या विमानाला लागलेला उशीर

सिगर्ड शेजारच्या बेटावर इंजिन दुरुस्त करायला निघाला, तो चक्क दाढी करून! तिथेच त्याच्या बायकोच्या, मैसीच्या डोक्यात किडा वळवळला. चुलतभावाच्या बोटीचं इंजिन, त्याला कशाला हवेत गुळगुळीत गाल?

स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनीतल्या या दोन बेटांमध्ये समुद्राची जेमतेम दीड मैलाची पट्टी. विमान उडतं, माणसं मांडीवरच्या पिशव्या सावरतात, तेवढ्यात ते उतरतंसुद्धा. दोन मिनिटं, बस्स! मैसीला तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून पलीकडची धावपट्टीही दिसायची.

विमान उडालं रे उडालं, तिने पलीकडे मिमाला फोन लावला. मिमा तिथल्या विमानतळावर तिकिटं बघायची, सामान उतरवायची आणि विमान उतरताना आगीच्या बंबावरही तीच बसायची. एवढ्याशा बेटावर एका माणसाला एकच काम कसं पुरणार?

"मिमे, सिगर्डला घ्यायला कोण येतं ते बघून सांग."

"चुलतभाऊच येईल की गं."

"दाढी करून गेलाय."

मिमाने खुर्ची ओढली. "अगं बाई! अत्तर-बित्तर?"

"घरभर वास सुटलाय!"

"मग ती नवी शाळामास्तरीण असेल. परवा एकटीच हसत होती."

"कोणाकडे बघून?"

"मेंढ्यांकडे. पण हसत होती!"

मैसीने खिडकीबाहेर पाहिलं. "मिमे, विमान गोल गोल का फिरतंय?"

"तिचं घर वरून बघायचं असेल."

"तिसरी फेरी! लग्नाला चाळीस वर्षं झाली, माझ्याभोवती कधी एक तरी मारली का?"

तेवढ्यात विमान वळलं आणि आल्या वाटेने परत निघालं. "बघ, लाज वाटली!" असं म्हणत मैसीने एका हाताने फोन धरला आणि दुसऱ्या हाताने सिगर्डचे कपडे पिशवीत कोंबायला घेतले. आज त्याला घरात घ्यायचं नाही म्हणजे नाही! मिमा मोजे विसरू नकोस म्हणून आठवण करून देत होती.

दार धाडकन उघडलं. मैसीने फोन ठेवला.

"त्या मिमेला हाकला कोणीतरी!" सिगर्ड लालबुंद झाला होता. "ती बंबावर बसल्याशिवाय विमान उतरवायचं नाही असा नियम, आणि ही बया फोनवर! बंबावरचा तिचा जोडीदार वायरलेसवर नुसता ओरडतोय, 'फोन सोडत नाहीये, सोडत नाहीये!' शेवटी वैमानिक वैतागून परत आला."

मैसीचा आवाज बारीक झाला. "आणि दाढी, अत्तर?"

"दाढीत किनाऱ्यावरच्या केसाळ सीलसारखा दिसतोस, वासही तसाच येतो, असं काल तूच म्हणालीस ना?"

मैसीने पायाने पिशवी हळूच दाराआड ढकलली.

"पण काय गं," सिगर्डचे डोळे बारीक झाले, "न्यायला ये म्हणून विमानतळावरून तीनदा फोन केला. आपलाही फोन चालूच! मी बाहेर पडल्या पडल्या इतका वेळ कोणाशी बोलत होतीस?"

खरं सांगावं, तर दोन्ही बेटं जन्मभर हसणार. मैसीने केस कानामागे सारले.

"आहे एक जण," ती लाजून म्हणाली.

सिगर्ड तिच्यासमोर खुर्ची टाकून बसला, तो संध्याकाळपर्यंत काही उठेना.