मोरेच्या गाडीचा गिअर

आमचा शेजारी मोरे खाली कोथिंबीर आणायला गेला तरी हेल्मेट घालून जातो. गाडीवरून नाही, चालत. दिंडोशीच्या आमच्या बिल्डिंगचं प्लास्टर वरून सुटायला लागलं तेव्हा त्याने ही सवय लावून घेतली. पुढे दुरुस्ती झाली, रंगकाम झालं, बिल्डिंग नवरीसारखी दिसायला लागली, पण मोरेच्या डोक्यावरचं हेल्मेट उतरलं नाही.

दोष त्याच्या नोकरीचा. आयुष्यभर तो एका विमा कंपनीत गाड्यांचे क्लेम बघायचा. म्हणजे रोज सकाळी जायचं आणि चेपलेल्या, जळलेल्या, नाल्यात पडलेल्या गाड्या बघून रिपोर्ट लिहायचा. त्यामुळे धडधाकट वस्तू दिसली की ती मोडल्यावर कशी दिसेल, हेच त्याला आधी दिसतं. त्याचा लाडका प्रश्न एकच. "कागदावर काय येईल?" माझ्या मुलीच्या साखरपुड्यात फोटोग्राफरने जोडीला गच्चीच्या कठड्याला टेकून उभं केलं, तर हा पाहुण्यांतून ओरडत पुढे आला, "कागदावर काय येईल माहितीय? 'हसत असताना तोल गेला.' चला, मध्ये या!" माझ्या व्याह्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, हे तुमचे कोण? मी म्हटलं, शेजारी. नातं लागत नाही याचा मला तेव्हा आनंद झाला होता.

असा हा माणूस निवृत्त झाला आणि मोटरसायकल घेऊन आला. जुनी, पण केवढी! पार्किंगमध्ये म्हैस बसल्यासारखी दिसायची. मोरेने लग्न केलं नाही. घरी तो आणि त्याची थोरली बहीण शकूताई. त्या दोघांत ही एवढी गाडी कशाला, असं मी विचारलं तर म्हणाला, "राण्या, ही सगळ्यात सेफ. आत दोन क्लच आहेत."

"म्हणजे एक बिघडला तर दुसरा?"

मोरेने कपाळावर हात मारला. मग त्याने समजावलं. एक क्लच चालू गिअर धरून ठेवतो, तोवर दुसरा पुढचा गिअर तयार ठेवतो, आणि ही अदलाबदल गाडीच करते. हाताला क्लचचा दांडा नाही, पायाला गिअरचा खटका नाही. आपल्याला हवं तर डाव्या हाताशी बटणं आहेत, त्यांनी गिअर वरखाली करायचे. "माणूस कमी, चूक कमी," तो म्हणाला. हे त्याच्या स्वभावाला धरून होतं.

म्हणून दोन-चार महिन्यांनी तो पायाने टाकायचा गिअर लावून घ्यायला निघाला तेव्हा मला काही कळेना. तसा खटका जादाचा म्हणून मिळतो. खरा गिअर तो नसतोच, पायाने दाबायचं बटण असतं. वायरीतून गाडीला निरोप जातो आणि गाडी गिअर बदलते. सोसायटीत सगळे हसले. गिअर नसलेली गाडी महाग घ्यायची आणि वर गिअर लावायला पुन्हा खर्च करायचा!

गोरेगावच्या गॅरेजमध्ये मी त्याच्याबरोबर गेलो होतो. गॅरेजवाला इम्रान गाडीखाली उताणा पडून म्हणत होता, "अंकल, इकडे नाय बसत. वायर कमी पडते."

"वायर वाढव. जोड पक्का मार, पाणी जाता कामा नये."

"अंकल, पण लोक बघून हसतील ना."

"हसू दे."

जे लावलं ते मला दिसलं नाही. दिसलं त्या रविवारी सकाळी, जेव्हा मोरेने मला फिल्मसिटी रोडच्या एका रिकाम्या वळणावर नेऊन मागे बसायला सांगितलं आणि म्हणाला, "डाव्या पायाखाली बघ."

गिअरचा खटका मागे होता. मागे बसणाऱ्याच्या पायाशी!

"मोरे, तुला वेड लागलंय?"

"बोटांनी वर उचललं की वरचा गिअर, खाली दाबलं की खालचा. इंजिन ओरडायला लागलं की उचल."

"मी? आणि चुकलो तर?"

"वेगाला न झेपणारा खालचा गिअर गाडी घेतच नाही. ती शहाणी आहे. प्रश्न आपला आहे."

पुढचा तासभर मी जे भोगलं ते कुणाला सांगण्यासारखं नाही. मी उचलायचं तेव्हा दाबत होतो, दाबायचं तेव्हा देवाचं नाव घेत होतो. गाडी हिसके देत होती, माझं हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर आपटत होतं. शेवटी उतरलो आणि हेल्मेट काढलं. मी विचारलं, "आता सांग, हे कुणासाठी?"

तो हातमोजे काढत म्हणाला, "ताईसाठी."

शकूताई पूर्वी सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. आरेच्या पाड्यांवर लस द्यायला त्या मोटरसायकलवर जायच्या, साडीचा पदर खोचून, थंड पेटी मागे बांधून. मोरेला गाडी शिकवली ती त्यांनीच. गेल्या वर्षी काचबिंदूने त्यांची नजर पूर्ण गेली. तेव्हापासून त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. भाऊ फिरायला चल म्हणाला की म्हणायच्या, पोत्यासारखं बसून कुठे येऊ?

"मोरे," मी म्हटलं, "कागदावर काय येईल रे हे?"

"फार वाईट येईल," तो म्हणाला. "मी लिहून बघितलंय मनात. तू स्कूटरवर मागून ये. काही झालं तर कुणीतरी हवं."

पुढच्या रविवारी सकाळी शकूताई खाली आल्या. आल्या म्हणजे मोरेने कसंबसं आणलं. डॉक्टरकडे जायचंय असं त्याने खोटं सांगितलं होतं. त्या मागे बसल्या, त्यांचा बूट खटक्याला लागला आणि त्या थांबल्या. बुटाच्या टोकाने त्यांनी तो वरून चाचपला, मग खालून.

"अशोक, हे काय आहे?"

"गिअर."

"माझ्या पायाशी?"

"हो."

त्यांचा चेहरा मला हेल्मेटमधून अर्धाच दिसत होता. वाटलं, आता उतरतील. मोरेलाही तसंच वाटलं असावं, कारण त्याचे खांदे आखडले होते. मग त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "चल."

आरेच्या रस्त्याला लागेपर्यंत गाडी तो हाताच्या बटणांनी चालवत होता. आत शिरल्यावर त्याने बाजूला थांबून पहिला टाकला आणि हात उंच करून मला खूण केली. इथून पुढे ताई.

गाडी निघाली. पहिल्या गिअरमध्येच. वेग वाढला तसं इंजिन कण्हायला लागलं, मग किंचाळायला लागलं. मागून माझी नजर ताईंच्या डाव्या बुटावर होती. बूट हलेना. एक रिक्षावाला बाजूने जाताना ओरडला, "काका, गिअर टाका ना, वाट लागेल गाडीची!" मोरेच्या अंगठ्यापाशीच बटण होतं. नुसतं दाबायचं होतं. त्याने अंगठा उचलून बटणापासून लांब धरला, मला मागून स्पष्ट दिसलं. तोंडाने मीच पुटपुटत होतो, उचला ताई, उचला.

बूट हलला.

इंजिनाचा आवाज एकदम खाली आला, हिसका नाही, काही नाही. मग दुसऱ्याचा तिसरा झाला. माझ्या वेळी ठेचकाळत होती तीच गाडी आता लोण्यातून चालल्यासारखी चालली होती. मला जरा रागच आला.

पुढे उतार. उताराच्या तळाशी नर्सरीच्या फाटकातून एक पाण्याचा टँकर मागे-मागे रस्त्यावर येत होता. मला दिसला, मोरेला दिसला, ताईंना दिसायचा प्रश्नच नव्हता. मोरेने ब्रेक दाबला, मागचा लाल दिवा लागला. रस्त्यावर खडी होती. गाडीचं मागचं चाक जरासं सरकलं. त्याच क्षणी ताईंचा बूट खाली दाबला गेला, पुन्हा दाबला गेला. इंजिनाने गाडीला मागून खेचून धरलं. मोरेला ब्रेक थोडा सोडता आला आणि चाक सरळ झालं. टँकरच्या अलीकडे गाडी उभी राहिली आणि मोरेने दोन्ही पाय जमिनीवर टेकवले. टँकरवाला खाली बघून काहीतरी बोलला आणि निघून गेला.

पुढे चहाच्या टपरीपाशी ते थांबले. मी पोचलो तोवर शकूताईंचं सुरू झालं होतं. "ब्रेक मारायच्या आधी अ‍ॅक्सिलरेटरचा हात सैल सोडायचा हे किती वेळा सांगितलंय? तुला शिकवलं कुणी? आणि उतारावर गाडी तिसऱ्यातच कशाला राहू दिलीस? मला सांगता येत नाही, 'ताई, उतार आहे' म्हणून? गाढवा! अरे राणे, आहेस का इथे? याला गाडी येत नाही हां, मी सांगून ठेवते."

"हो ताई," मी म्हटलं.

मोरे मान खाली घालून ऐकत होता. मग चहा आणायचं निमित्त करून टपरीकडे आला. भरलेले ग्लास हातात घेऊन तो तिथेच उभा राहिला. मला वाटलं, टँकरमुळे. मी म्हटलं, "बस जरा. वाचलास."

"ते नाही रे," तो म्हणाला. "डोळे गेल्यापासून ती मला थँक्यू म्हणते. पाणी दिलं, थँक्यू. गोळी दिली, थँक्यू. सख्ख्या भावाला. मी घरात पाहुणा असल्यासारखा झालो होतो, राण्या."

तिकडून शकूताईंचा आवाज आला, "अशोक! चहा उगवायला घातलास का?"

"आलो, आलो!" मोरे म्हणाला, आणि अर्धा चहा सांडत पळाला.